चार बोटांचा पंजा

एका गावात एक छायाचित्रकार राहायचा. नाव वामन टिकेकर. चांगल्या, नांदत्या इमारती त्याला पाहवत नसत. इमारत मोडकळीला आली, पाडायची ठरली, की हा कॅमेरा घेऊन हजर. “मी आहे म्हणून यांची आठवण तरी राहते,” असं तो म्हणायचा. म्हणो बापडा. ते अगदीच खोटंही नव्हतं.

गावाबाहेरची सूतगिरणी अकरा वर्षं कुलूपबंद होती. ती उद्या पाडणार, म्हणून आज वामनपुरतं कुलूप निघालं. पाडापाडी बघून बघून वामनही आता थकला होता. सकाळीच त्याचे खांदे भरून आले होते. त्यात फाटकातून त्याच्यामागोमाग कोंडाबाई आत आली. तिच्या नवऱ्याची, मारुतीची, हयात याच गिरणीत गेली होती.

या गिरणीत एक रीत होती. खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवून पूजा व्हायची आणि प्रत्येक कामगार आपल्या यंत्रामागच्या भिंतीवर गेरूचा पंजा उमटवायचा. यंत्रं कधीच भंगारात गेली होती. पंजे तेवढे राहिले होते. मारुतीचा पंजा चार बोटांचा, कारण पाचवं बोट यंत्राने घेतलं होतं.

कोंडाबाई म्हणाली, “दादा, तेवढ्या पंजाचा एक फोटो काढा. घरी त्यांचा फोटो हाय, पन गिरणीच्या पासावरला. निस्ता गळ्यापतुर.”

वामनने मान डोलावली. भिंतीकडे मात्र पाहिलं नाही. “काढू. आत्ता तिकडे उजेड नाही. तुम्ही बाहेर बसा, चित्रात येताय.”

कोंडाबाई बाहेर दगडावर जाऊन बसली. तिला वाट बघायची सवय होती. गिरणी बंद पडल्यावर ती पुन्हा सुरू व्हायची वाटसुद्धा तिने मारुतीबरोबर चार वर्षं पाहिली होती, तो जाईपर्यंत.

आत वामन आपल्या नेहमीच्या कामाला लागला. कोरड्या धुळीचं चित्र मेलेलं दिसतं, म्हणून तो आधी पाणी मारायचा. फरशी ओली झाली की तिच्यात खिडक्या दिसतात. भिंती ओल्या झाल्या की रंग उठतो. त्याने मागच्या उघड्या हौदातून पावसाच्या पाण्याच्या बादल्या आणल्या, फरशीवर ओतल्या, भिंतींवर फेकल्या. ऊन आत आलं तशी सगळी गिरणी चकाकली. दमलेला वामन क्षणभर खूश झाला. त्याने भराभर फोटो काढले आणि मग कोंडाबाईला हाक मारली.

ती आली. भिंतीवर तांबडे ओघळ उतरले होते. पंजा एकही नव्हता.

“अकरा पावसाळं झालं, दादा,” ती म्हणाली. “छप्पर चांगलं हुतं. पानी लागलं नव्हतं त्याला.”

वामनला ते फार जड गेलं. दुसऱ्या दिवशी भिंतही गेली.

पुढे शहरात त्या चित्राचं फार कौतुक झालं. ओल्या फरशीत खिडक्या, आणि त्यांतून वाहणारी तांबडी रेघ. लोक विचारायचे, हा रंग साधला कसा? वामनकडे उत्तर होतं, पण त्याला ते देववेना. शेवटी त्याने त्या चित्राची मोठी प्रत केली, चौकटीत बसवली आणि कोंडाबाईच्या घरी नेली.

तिने चौकट मांडीवर घेतली. पदराने काच पुसली. बराच वेळ ती त्या तांबड्या पाण्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिने मान वर केली.

“ह्यातलं त्यांचं कंचं, दादा?”

तात्पर्य: आठवण जपायला निघालेल्याने ती सजवायला घेऊ नये, ती ज्याची आहे, त्याचं आधी ऐकावं.