उलट्या होडीखालची जागा

दांडेखारच्या जुन्या देवळाला छप्पर नाही. चार भिंती, आणि त्यांच्यावरून एकमेकींकडे झुकून वर टोकाशी भिडणाऱ्या दगडी कमानी, एवढंच उरलंय. वसईच्या किनाऱ्यावर चर्चला देऊळच म्हणतात. शहरातून येणारी मंडळी माना वर करून “गॉथिक, गॉथिक” म्हणतात आणि फोटो काढतात. देऊळ दाखवणारे म्हातारे कैतानबाबा त्यांना एवढंच म्हणतात, “उभ्यानं काय दिसणार? आडवे व्हा.” ज्यांना कपड्यांची काळजी पडते त्यांना ते पुढचं सांगत नाहीत. जे फरशीवर पाठ टेकतात, त्यांनाच सांगतात.

फिरंग्यांच्या अमदानीत हे देऊळ बांधलं म्हणे. गावाने नुकताच नवा धर्म घेतला होता. लोकांनी तोवर पाहिलेली देवळं म्हणजे जाडजूड खांब, त्यांवर आडव्या तुळया, आत गारवा आणि अंधार. पाद्रीबाबाच्या परदेशी गवंड्याने इथे वेगळाच घाट घातला. खांब सडपातळ, खिडक्या उंच, त्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. आणि छत असं, की चुना सुकेपर्यंत खालून लाकडी सांगाड्याने उचलून धरावं लागे. लाकडाला तसा बाक देणारा हात गावात एकच होता, होड्या बांधणाऱ्या दुमिंगचा. त्याने आपल्याला येत होतं तेच केलं. होडीच्या बरगड्या बांधल्या, फक्त उलट्या.

“काम उरकलं की तुला नेतो,” तो बायकोला, रेजीनला, म्हणायचा. “दोघं खाली आडवी पडून बघू.” होडीचा सुतार आपलं काम असंच तपासतो. होडी टेकूंवर चढवायची, तिच्याखाली पाठीवर पडायचं आणि सांधा न सांधा न्याहाळायचा. उभ्याने खोट कळत नाही.

सांगाडा उतरवायला महिना उरला असताना दुमिंग सागाचे वासे आणायला खाडीपलीकडे गेला. परतताना वारा फिरला. तिसऱ्या दिवशी होडी किनाऱ्याला लागली, पालथी. दुमिंग लागला नाही.

रेजीनने वाट पाहून पाहून शेवटी पाद्रीबाबापुढे पदर पसरला. नवऱ्यासाठी हातभर कबर द्या, बसून रडायला एक जागा द्या. पाद्रीबाबा वाईट माणूस नव्हता, पण नियमाचा पक्का. “मुली, प्रेतच नाही, तर पुरायचं काय?” तो म्हणाला. ती घरी परतली.

मग सांगाडा उतरला. सारं गाव दाराशी जमलं, सगळ्यांनी वर पाहिलं. डोक्यावर अवाढव्य पालथी होडी! दर्यावर पोट भरणाऱ्यांना पालथी होडी म्हणजे काय, हे सांगायला नको. तिच्याखाली फक्त बुडालेले असतात. एक म्हातारा म्हणाला, “जेनं बांधली त्यालाच पहिला गिळला तिनं. आता आपली पाळी काय?” झालं. गाव जे मागे फिरलं ते उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. रविवारी लोक बाहेर वाळूत गुडघे टेकत आणि पाद्रीबाबा आत रिकाम्या देवळात प्रार्थना म्हणे. विहिरीवर रेजीन आली की बायका बोलणं तोडून घागरी उचलत. अपशकुनी काम करणाऱ्याची बायको ती! नवरा गेला होताच, आता त्याच्या हातांचं नावही जात होतं. ते तिला सोसेना.

एका दुपारी ती एकटीच आत शिरली. बरोबर मधोमध फरशीवर उताणी पडली, आणि उजव्या अंगाला एका माणसाची जागा सोडली. शिंपल्यांतून उजेड पाझरत होता, बाहेर माड हलले की तोही हलायचा. पाण्याच्या तळाशी असाच उजेड असेल, असं तिला वाटलं. तिने सांधा न सांधा पाहिला. कुठे खोट नव्हती. “बघ, आलो आपण,” ती म्हणाली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. मग ती रोज येऊ लागली.

पाद्रीबाबाने तिला पाहिलं तेव्हा तो रागावलाच. “देवळात गुडघे टेकतात. झोपत नाहीत.”

“होडी खालनंच बघतात, बाबा.”

काय वाटलं कोण जाणे, झगा सावरून तोही आडवा व्हायला वाकला.

“तिथं नको,” रेजीन म्हणाली. “ती जागा धरलेली हाय.”

तो वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला पडला. उभ्याने जे दगड डोक्यावर येतील असे वाटत, ते आडवं होऊन पाहिलं तर वर आभाळाकडे निघालेले दिसत होते. “माझ्या आईच्या गावच्या देवळाला असंच छत आहे,” तो म्हणाला. “जन्मभर मान खाली घालून बसलो त्याच्याखाली. कधी पाहिलंच नाही.” त्याची आई सात समुद्रांपलीकडे होती, आणि आता ती भेटायची नाही हे त्याला ठाऊक होतं.

तो उठला, तीर्थाचं पाणी घेऊन आला आणि रेजीनच्या उजवीकडच्या रिकाम्या फरशीवर शिंपडून त्याने दुमिंगच्या नावाने दफनाची प्रार्थना म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग स्वतः मयताची घंटा वाजवली.

कोण गेलं म्हणून गाव धावत दाराशी आलं. रेजीन तशीच पडून होती आणि शेजारची फरशी ओली होती. कोणाला काही सांगावं लागलं नाही. पहिली आत आली ती म्हातारी सान्तान. तिचे दोन मुलगे दर्याने नेले होते. ती रेजीनपासून थोडी लांब आडवी झाली, दोघांची जागा सोडून. मग एकेक करून बाकीच्या आल्या. न परतलेलं माणूस नाही असं घर गावात नव्हतंच.

पुढे कधीतरी वादळात छत गेलं, कमानी तेवढ्या राहिल्या. आजही मेलेल्यांच्या दिवशी, नोव्हेंबरच्या दोन तारखेला, दांडेखारची माणसं दुपारी इथे येऊन फरशीवर पडतात आणि शेजारी जागा सोडतात. वर आता नुसतं आभाळ असतं.

गोष्ट संपली की पाहुणे कपडे झटकत उठतात. कैतानबाबा मात्र तसेच पडून राहतात. परवा एका मुलीने त्यांना उठवायला हात पुढे केला आणि जवळ सरकली.

“तिथं पाय नको, बाय,” ते म्हणाले. “माझ्या पोराची, पास्कूची जागा हाय ती.”