गुणाजी आणि अडकणारा लॅपटॉप

चिंचखोरी नावाच्या एका गावात एक भोळा कारकून होता. त्याचं नाव गुणाजी. तो ग्रामपंचायतीत कामाला होता. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. त्याचं चुकायचं एवढंच, की सोमवारी सांगितलेलं तो मंगळवारी करायचा आणि भलत्याच ठिकाणी करायचा.

गावातली शाळा आठवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर तालुक्याला जावं लागे, म्हणून बऱ्याच मुली आठवीनंतर घरीच बसत. यंदा वरून पत्र आलं. चिंचखोरी आणि शेजारचं कासारदरा, यांपैकी एका गावाला नववीचा वर्ग मिळणार होता. ज्या शाळेत नववीसाठी वीस मुली भरतील, तिला. मुलींची यादी शुक्रवारपर्यंत लॅपटॉपवरून पाठवायची होती. शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब दोन्ही गावांत येऊन मुली मोजणार होते.

चिंचखोरीत मुली होत्या बावीस. कासारदऱ्यात नऊ.

"म्हणजे वर्ग आपलाच," सरपंच वत्सलाकाकू म्हणाल्या. "फक्त यादी वेळेत जाऊ दे, गुणाजी."

"जाईल, काकू," गुणाजी म्हणाला.

सोमवारी तो यादी करायला बसला. चार नावं झाली आणि लॅपटॉप अडकला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. गुणाजी हाताची घडी घालून बसला. दुपारी काकू आल्या, तरी तो तसाच बसलेला.

"काय करतोयस रे?"

"बाण थांबलाय, काकू. तो निघाला की मी निघतो."

काकूंनी तालुक्याला नासीरभाईंना फोन लावला. त्यांचं तिथे लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं.

"हे बघ गुणाजी," नासीरभाई म्हणाले, "तो गप्प झाला की त्याच्याकडे बघत बसू नकोस. बटण दाबून बंद कर. दहापर्यंत मोज. परत चालू कर."

गुणाजीने तसं केलं. लॅपटॉप चालू झाला. गुणाजीला फार आनंद झाला. "आता हे कधी विसरायचं नाही," तो मनाशी म्हणाला.

मंगळवारी शाळेच्या पटांगणात पालकांची सभा होती. माईक सांभाळायला गुणाजी होता. काकू उभ्या राहिल्या. त्या मुलींच्या शिक्षणाबद्दल फार चांगलं बोलत होत्या. बोलता बोलता त्यांना स्वतःची शाळा सुटली ते आठवलं. त्या मध्येच गप्प झाल्या. सभेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

गुणाजीने माईकचं बटण बंद केलं. मग त्याने मोठ्याने दहापर्यंत मोजलं. मग बटण चालू केलं आणि म्हणाला, "हं. काकू आता चालतील बघा."

सभा हसत हसत घरी गेली. काकू हसत नव्हत्या.

"अरे, माणूस गप्प झाला तर त्याला बंद करतात का? त्याला पाणी द्यावं. वारा घालावा. बाबा, जरा बस म्हणावं."

"बरं काकू. आता हे कधी विसरणार नाही."

बुधवारी सोळा नावं झाली आणि लॅपटॉप पुन्हा अडकला. हात लावला तर चांगलाच तापलेला. गुणाजीने त्याला पंख्याखाली ठेवलं. "बाबा, जरा बस," असं म्हटलं. मग वाटीने पाणी पाजलं. कळांच्या फटींतून पाणी आत गेलं. लॅपटॉप एकदा बारीक आवाजात टुंय् करून वाजला. त्याला बरं वाटलं असावं, असं समजून गुणाजीने आणखी एक वाटी दिली.

नासीरभाई मोटरसायकलवरून तातडीने आले. त्यांनी लॅपटॉप उलटा केला. टेबलावर ओहोळ वाहिला.

"याला काय पाजलंस?"

"पाणीच. विहिरीचं."

"नशीब, चहा नाही पाजलास."

"विचारलं होतं. काही बोलला नाही."

नासीरभाईंनी लॅपटॉप उघडला आणि एकेक भाग फडक्यावर मांडला. "यंत्राला तहान नसते, गुणाजीराव. वस्तू भिजली की आधी उघडायची. सगळे भाग सुटे करायचे. पुसायचे आणि वाळवायचे. कळलं?"

"कळलं. आता हे कधी विसरणार नाही."

नासीरभाई सगळे सुटे भाग पिशवीत घालून तालुक्याला घेऊन गेले.

गुरुवारी काकूंच्या कपातले दोन थेंब गावाच्या जन्मनोंदीच्या वहीवर सांडले. काकू फडकं आणायला आत गेल्या. परत येऊन बघतात तर वही नाही. गुणाजीने शिवण उसवून तिची सगळी पानं सुटी केली होती. पुसली होती. आणि गच्चीवर उन्हात ओळीने मांडली होती.

तेवढ्यात वारा सुटला.

दुपारपर्यंत सारं गाव आपापला जन्म शोधत फिरत होतं. सदूआजोबांचा जन्म बाभळीवर अडकला होता. तो काढायला त्यांचा नातू वर चढला. पाटलांच्या थोरल्याचा जन्म शेळीने खाल्ला. शेळी पाटलांचीच होती, त्यामुळे कोणी कोणावर ओरडायचं ते ठरेना.

काकूंच्या अंगात रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. "गुणाजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता तू काही करू नकोस. नुसता बस."

"बरं काकू."

शुक्रवार उजाडला. नासीरभाई लॅपटॉप घेऊन आले. तो अगदी नव्यासारखा झाला होता. गुणाजी खुर्चीत नुसता बसलेला.

"अरे, घे की," नासीरभाई म्हणाले.

"मी बसलोय. काकूंनी सांगितलंय."

शेवटी काकूंनीच लॅपटॉप उघडला. यादी जशीच्या तशी होती. उरलेली सहा नावं त्यांनी एका बोटाने लिहिली. बाण कुठेही थांबला नाही. चार वाजता यादी गेली. काकूंनी सुटकेचा श्वास सोडला आणि सगळ्यांना भजी मागवली.

"होतं काय त्याला?" भजी खाताना गुणाजीने विचारलं.

"आतली डिस्क मरायला टेकली होती. म्हणून सारखा अडकायचा. मी नवीन टाकली," नासीरभाई म्हणाले. "तुमची यादी बचावली, पण जेमतेम. आता एक गोष्ट नीट ऐक. जे फार मोलाचं असेल, ते सगळंच्या सगळं एका जागी कधी ठेवायचं नाही. एक दिवस काहीतरी होतं आणि सगळंच जातं. प्रत काढावी, नाहीतर थोडं दुसरीकडे ठेवावं. भरवशाच्या जागी."

"हे खरं," काकू म्हणाल्या. "हे मात्र लक्षात ठेव हो, गुणाजी."

गुणाजीने लक्षात ठेवलं. रात्री जेवताना तो विचार करत होता. गावात सगळ्यात मोलाचं काय? काकू तर आठवडाभर एकच सांगत होत्या, की या बावीस मुली म्हणजे गावाचं सोनं. आणि त्या उद्या सगळ्याच्या सगळ्या एका वर्गात बसणार होत्या. गुणाजीला घास गिळवेना.

मुलींची प्रत काढता येत नाही, हे त्याला कळत होतं. तो काही अगदीच वेडा नव्हता. म्हणून त्याने अर्ध्या हलवायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी त्याने टेम्पो आणला आणि शाळेच्या वाटेवर उभा केला. "काकूंच्या कामाचं आहे," असं सांगून पहिल्या अकरा मुली आत बसवल्या. जवळपास भरवशाची जागा एकच होती. तिला पक्की भिंत होती आणि लोखंडी फाटक होतं. ती म्हणजे कासारदऱ्याची शाळा.

दहा वाजता साहेब चिंचखोरीत आले. त्यांनी मुली मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच.

"यादीत तर बावीस आहेत," साहेब म्हणाले.

काकू बाकांच्या खाली वाकून बघत होत्या.

अकरा वाजता साहेब कासारदऱ्यात गेले. तिथल्या हेडमास्तरांनी नव्या अकरा मुलींना पोहे दिले होते आणि कुठून आल्या ते काही विचारलं नव्हतं. साहेबांनी मुली मोजल्या. वीस.

"काय मुलींनो, नववीचा वर्ग झाला तर शिकाल ना?"

"हो," सगळ्या मुली एका आवाजात म्हणाल्या. त्यांच्या मनातलं तेच होतं.

साहेबांनी तिथल्या तिथे सही केली.

संध्याकाळी गुणाजी टेम्पो घेऊन परत आला. काकू शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या.

"मोजून घ्या, काकू," गुणाजी म्हणाला. "एकही हरवली नाही."

तेव्हापासून चिंचखोरीच्या मुली नववीला कासारदऱ्यात जातात. त्यांना टेम्पोने रोज पोचवायचं आणि आणायचं, अशी शिक्षा काकूंनी गुणाजीला दिली आहे. टेम्पोत बावीस जणी आरामात मावतात. तरी मुलींचा पहिला तास रोज बुडतो. कारण गुणाजी दोन फेऱ्या करतो.