साळू आणि मांडवावरचा दुधी

एका डोंगराच्या कुशीत दाट रान होते, आणि त्या रानात एका अर्जुनवृक्षाच्या मुळांखाली बीळ करून एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर लांब काटे असलेली, जमीन उकरून कंदमुळे खाणारी. तिचे वय झाले होते. चालताना तिचे काटे सळसळत, त्यामुळे ती दिसण्याआधीच तिची चाहूल लागे. जमिनीच्या पोटात काय वाढते, हे त्या रानात तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. नुसत्या वासावरून ती सांगे, "हा कंद गोड आहे," किंवा "याला तोंड लावाल तर दिवसभर घसा खाजत बसाल." तिचे सांगणे कधी चुकले नव्हते. म्हणून लहानमोठे सगळे तिला मावशी म्हणत, आणि खाण्याबद्दल काही शंका आली की तिच्या बिळापाशी येत.

रानाच्या कडेला माणसांची एक छोटी वस्ती होती. त्या वर्षी ती माणसे नदीपलीकडे, सडकेजवळ राहायला गेली. घरे रिकामी झाली, चुली थंड पडल्या, पण घरांमागचे भाजीचे वाफे आणि वेलांचे मांडव तसेच राहिले. त्यातच श्रावण संपता संपता पावसाने पाठ फिरवली. रानातले गवत वाळले, झुडपांना पाला उरला नाही. भुकेले प्राणी वस्तीच्या मोडक्या कुंपणाशी येऊन उभे राहू लागले. आत हिरवे दिसत होते, पण त्यातले काय खावे आणि कसे खावे, हे त्यांना कळेना. वानराने कुणालाही न विचारता अळूची दोन पाने चघळली, आणि त्याचे ओठ असे सुजले की दोन दिवस त्याला पाणीही नीट पिता आले नाही. तेव्हा सगळ्यांनी ठरवले की मावशीला बोलवायचे.

साळू आली. वाफ्यांमधून सावकाश फिरली. प्रत्येक ठिकाणी थोडी माती उकरून तिने वास घेतला, आणि मग एकेक सांगू लागली.

"हे गाजर आणि हा मुळा. यांची साल पातळ असते, सोलायची गरज नाही. पण ओढ्यावर नेऊन चांगले चोळून धुवा. मातीत काय काय असते ते डोळ्यांना दिसत नाही, ते पोटात गेल्यावर कळते. हे रताळे, तेही धुऊन खा. हा बीट, याची साल जाड आणि मातकट असते, ती दातांनी काढून टाका. कोबीची वरची पाने फेकून द्या आणि आतले एकेक पान सुटे करून धुवा, कारण अळ्या पानांच्या घडीत लपतात. ही जमिनीवर पसरलेली काकडी, ही सालीसकट चालते."

"आणि हे बटाटे?" अस्वलिणीने विचारले. तिच्याबरोबर तिची दोन पिल्ले होती.

"बटाटा, सुरण आणि अळू हा चुलीचा माल आहे," साळू म्हणाली. "माणसे ते शिजवतात म्हणून त्यांना पचते. आपल्याकडे चूल नाही. हिरवा पडलेला आणि कोंब आलेला बटाटा तर माणसेही खात नाहीत. त्या वाफ्याकडे जाऊच नका."

सशाने हे सगळे पाठ केले. हा ससा स्वभावाने भित्रा होता आणि भित्रा असल्यामुळे फार काटेकोर. कुणी काही सांगितले की ते तो मनातल्या मनात तीनतीनदा घोकत असे. त्याची सशीण बिळात होती. तिला पिल्ले होणार होती आणि तिच्याने फार चालवत नव्हते, म्हणून दोघांचे खाणे आणायचे काम त्याचेच होते.

सगळे परत निघणार, तेवढ्यात त्याने मान वर करून विचारले, "मावशी, आणि हा दुधी?"

मांडवावरून दुधी लोंबत होते. फिकट हिरवे, तुकतुकीत, अंगावर बारीक लव असलेले. साळूने वर पाहिले. खरे सांगायचे तर तिने आयुष्यात कधी वर पाहिलेच नव्हते. तिचे सगळे जग जमिनीखाली किंवा जमिनीला टेकलेले होते. लोंबणाऱ्या फळाचा तिला वासही नीट येईना. पण सगळे तिच्याकडे पाहत होते. अस्वलीण पाहत होती, वानर सुजलेल्या ओठांनी पाहत होते. आतापर्यंत तिने एकाही प्रश्नाला 'माहीत नाही' असे उत्तर दिले नव्हते, आणि ते शब्द तिच्या जिभेवर येईनात.

"काकडीचाच भाऊबंद दिसतो," ती म्हणाली. "कोवळा आहे. धुऊन सालीसकट खा."

पहिले काही दिवस सगळे ठीक चालले. प्राण्यांनी गाजरे खाल्ली, मुळे खाल्ले, दुधीही खाल्ले. कुणाला काही झाले नाही. सगळे म्हणाले, "मावशी होती म्हणून आपण वाचलो." साळूलाही वाटले की आपला अंदाज बरोबर होता, आणि मनातली खुटखुट तिने बाजूला ठेवली.

मग एके सकाळी ससा मांडवाच्या पलीकडच्या टोकाला गेला. तिथला वेल पाण्यावाचून सुकत आला होता. त्याला जमिनीजवळ लोंबणारा एकच छोटा दुधी उरला होता, बाकीच्यांसारखाच हिरवा आणि गुळगुळीत. सशाने तो देठापासून कुरतडून खाली पाडला, ढकलत ढकलत ओढ्यावर नेला, चांगला धुतला आणि बिळात नेऊन सशिणीपुढे ठेवला. स्वतः काही खाल्ले नाही, कारण दोघांना पुरेल एवढा तो नव्हता.

सशिणीने एक घास घेतला आणि तोंड वाकडे केले. "अहो, हा कडू आहे."

"कडू कसा असेल? मावशीनं चालतो म्हणून सांगितलंय."

"पण फार कडू लागतोय. जीभ नको म्हणतेय."

"या दिवसांत तोंडाला चव नसते," ससा समजावणीच्या सुरात म्हणाला. "खाऊन घे. तुझ्या पोटात काही गेलं नाही तर पिल्लांचं काय होईल?"

तो प्रेमाने म्हणत होता, हे तिला कळत होते. तिने डोळे मिटून अर्धा दुधी खाल्ला.

ऊन चढायच्या आत तिच्या पोटात मुरडा उठला. ती जमिनीवर गडबडा लोळू लागली. तिचे कान गार पडले, अंग थरथरू लागले, आणि दुपारपर्यंत ती इतकी गळून गेली की ससा तिला हाक मारी तेव्हा ती फक्त डोळे उघडी. सशाने ओढ्याचे पाणी ओल्या पाल्यावर घेऊन पुन्हा पुन्हा तिच्या तोंडात पिळले. दोन दिवस तो तिच्यापासून हलला नाही. तिसऱ्या दिवशी सशिणीने स्वतः मान उचलली. ती वाचली, पण अंगावर नुसती कातडी उरली होती, आणि पोटातली पिल्ले आता जगतील की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

तेव्हा कुठे ससा साळूकडे गेला. तो भांडायला आला असेल असे साळूला वाटले, पण तो मान खाली घालून उभा राहिला.

"मावशी, माझं काय चुकलं ते सांग. मी नीट धुतला नाही का? का साल काढायला हवी होती? तिला तो कडू लागत होता. तू सांगितलं होतंस तसंच केलं असं मला वाटतंय, पण कुठंतरी चुकलं असणार. माझ्यामुळं ती मरता मरता वाचली."

सशाने स्वतःच दोष आपल्याकडे घेतला होता. तिला फक्त मान हलवायची होती.

"नीट धुतला नसशील," ती म्हणाली.

"हो," ससा म्हणाला. "तसंच असेल." आणि तो निघून गेला.

पण साळूला चैन पडेना. तिने जमीन उकरायला घेतली आणि अर्धवट सोडून दिली. शेवटी ती उठली आणि एकटीच वस्तीकडे चालू लागली. मांडवाच्या एका खांबाला तिने धडक दिली, तेव्हा दोन दुधी खाली पडले. आयुष्यात पहिल्यांदाच तिने दुधीला तोंड लावले. पहिला मऊ आणि थोडा गोडसर होता. दुसऱ्याचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवताच तिचा घसा आवळून आला. कडू जहर. तिने तो थुंकून टाकला आणि कितीतरी वेळ तोंड मातीला घासत राहिली. दोन्ही दुधी दिसायला अगदी सारखे होते. धुण्याचा किंवा सोलण्याचा याच्याशी काही संबंध नव्हता.

तेवढ्यात तिला ओढ्याकडून बोलण्याचे आवाज आले. ती तिकडे गेली. ससा पाण्यात पोटापर्यंत उतरून एक दुधी धूत होता. वाळूने घासत होता, पुन्हा बुडवत होता, पुन्हा घासत होता. काठावर अस्वलीण आपल्या पिल्लांसह बसली होती, आणि वानर पाणी प्यायला आले होते.

"सात वेळा धुतोय," ससा तिला सांगत होता. "माझ्यासारखी चूक तुमच्याकडून व्हायला नको. हा त्याच सुकलेल्या वेलाशेजारचा आहे, म्हणून जास्त धुतोय. आता पिल्लांना द्यायला हरकत नाही."

अस्वलिणीच्या एका पिल्लाने पंजा पुढे केला.

"देऊ नकोस," साळू म्हणाली. ती धावत पुढे आली होती. "तो दुधी पाण्यात सोडून दे. सात वेळा धू नाहीतर सत्तर वेळा धू, कडूपणा जात नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मला दुधीबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि तरी मी सांगितलं. मघाशी तू आलास तेव्हाही मी खोटंच बोलले."

अस्वलिणीने पिल्लाला हळूच मागे ओढले. मग ती साळूकडे पाहत म्हणाली, "मग गाजराचं काय? ते तरी तुला ठाऊक आहे का?"

हा प्रश्न साळूला काट्यासारखा टोचला. पण तो विचारण्याचा हक्क अस्वलिणीला होता.

"गाजर ठाऊक आहे. जन्मभर तेच उकरलंय," ती म्हणाली. "मुळा, रताळे, सुरण ठाऊक आहे. मांडवावरचं ठाऊक नाही. शेवग्याच्या शेंगा ठाऊक नाहीत. घेवड्याचे दाणेही ठाऊक नाहीत, म्हणून ते खाऊ नका."

"मांडवावरचं मला विचारा की," ओढ्यावर वाकलेल्या झाडावरून एक बारीक आवाज आला. मांडवात घर करून राहणारी खार होती ती. "मी रोज देठापाशी इवलासा दात लावून बघते. कडू लागला की थुंकते आणि त्या दुधीला पुन्हा शिवत नाही. दुधी, काकडी, दोडका, सगळ्यांचं तसंच."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" वानराने विचारले.

"कुणी विचारलं नाही," खार म्हणाली. "मावशी सांगत होती. मला वाटलं, तिला ठाऊकच असेल."

त्या दिवसापासून प्राण्यांची रीत बदलली. कंदांबद्दल ते साळूला विचारत, वेलांबद्दल खारीला. आणि साळू कित्येकदा म्हणे, "हे मला ठाऊक नाही." पहिल्यांदा म्हणताना तिचा आवाज अडला, पुढे अडेनासा झाला.

पण त्या दिवशी ओढ्यावरून सगळे निघून गेले तेव्हा ससा एकटाच मागे थांबला होता. तो अजून पाण्यातच उभा होता.

"मावशी," तो म्हणाला, "म्हणजे मी तो दुधी नीट धुतला होता?"

"अगदी नीट धुतला होतास," साळू म्हणाली. "पण ती कडू म्हणाली होती ना? तेव्हा तिचं ऐकायला हवं होतंस. माझं नव्हे."

मग ससा पाण्याबाहेर आला, अंग झाडले, वस्तीच्या वाफ्यातून एक गाजर उपटून ओढ्यावर आणले आणि ते धुऊन घेऊन सशिणीकडे निघाला. बिळात गेल्यावर त्याने ते तिच्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "आधी थोडं चाखून बघ. तुला नको वाटलं तर टाकून देऊ."

तात्पर्य : जे आपल्याला ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' असे जाणत्यानेही सांगावे, आणि सांगणारा कितीही जाणता असला, तरी खाणाऱ्याच्या जिभेने 'नको' म्हटले की घास खाली ठेवावा.