कवठांची वाकडी रांग

कोळसरीच्या माळावर आलात की दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे कवठाची ही अकरा झाडे. लावणाऱ्याने डोळे मिटून लावली असावीत अशी वेडीवाकडी उभी आहेत. देवळामागून निघतात, ओढ्याला टेकतात, मग उगाच मागे फिरून टेकडीवर चढतात आणि शेवटी पाटलांच्या दारापाशी थांबतात. दुसरी गोष्ट म्हणजे ओढ्याकाठचा हा दगडी पार. पार आहे, पण मधे झाड नाही. पाहुणे विचारतात, रिकाम्या जागेला कुणी पार बांधतो का? रिकाम्या जागेला नव्हता बांधला. बसा, सांगतो.

फार पूर्वी या माळावर कवठाचे झाड एकच होते, या पारातले. पाच कोसांत दुसरे नव्हते, असे सांगतात. तेव्हा देवळामागच्या खोपटात ठकूबाई नावाची बाई राहायची. तिची दोन लेकरे थंडीतल्या खोकल्याने गेली होती. तिसरी चंपाही त्याच वाटेला लागली, तेव्हा ठकूबाईने पिकलेले कवठ फोडले, गर पाण्यात कोळून फडक्यातून गाळला, त्यात गूळ, सुंठ, मिरी आणि दोन लवंगा घालून उकळी आणली आणि कढत कढत मुलीला पाजले. चंपा तगली. तेव्हापासून दर हिवाळ्यात ठकूबाई ही कवठवणी करायची आणि ज्या घरातून खोकला ऐकू येईल तिथे तांब्याभर नेऊन द्यायची.

एका पौषात गावच्या घाण्याची लाट मोडली. लाट म्हणजे घाण्यात फिरून तेल काढणारे जाड लाकूड. तेल संपले, फोडणी बंद झाली, देवापुढचा दिवाही विझला. पाटलाच्या मते लाटेला कवठासारखे चिवट लाकूड नाही. त्याने सुताराला झाड पाडायला सांगितले. पाटील वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. त्याला गावाचे तेल दिसत होते आणि ठकूबाईला चंपा दिसत होती. त्या वर्षी पोर पुन्हा खोकत होती.

सुताराने रीतीप्रमाणे तिन्हीसांजेला बुंध्याशी हळद-अक्षता वाहिल्या, पाखरांना उद्या दुसरीकडे जायला सांगितले आणि तो घरी गेला. अक्षता वाहिलेले झाड सूर्य उगवायच्या आत पाडायचे, असा सुतारांचा नेम. इकडे ठकूबाई तडक पाटलांच्या ओसरीवर गेली.

"पाटील, आजची रात द्या मला. ह्या झाडाचं घराघरात पाजते. येका घरानं जरी 'तोडा' म्हटलं, तरी कुऱ्हाड मीच आणून देते."

"आन् समद्यांनी 'राहू दे' म्हटलं तर?"

"तर लाटंला बाभूळ बघा."

पाटील हसला. "बरं. उजाडेपतोर तुझी रात." त्याने शब्द दिला, घोंगडी ओढली आणि तो झोपला. सुताराला निरोप धाडायचे राहून गेले.

अमावास्या होती. ठकूबाईने डोक्यावर पाटी घेतली, पाटीत कवठे, गूळ, मसाला, पाण्याची घागर आणि मडके. हातात निखाऱ्यांचे खापर. कोळसरी तेव्हा माळभर विखुरलेली, एक घर इथे तर दुसरे हाकेच्याही पलीकडे. त्यात शाळूच्या राखणीला निम्मे लोक शेतात. तेलाचा दिवा कुठेच नाही, म्हणून शेकोटीचा उजेड दिसेल तिकडे ती चालायची. एक घरधनी मचाणावर सापडला, एक कडब्याच्या गंजीत, एक भलत्याच्याच ओट्यावर. तो तिथे काय करत होता, हे गावाने आजवर विचारलेले नाही. मडके गार झाले की ती तीन दगड मांडायची, नवे कवठ फोडून कोळायची, फडक्यातला चोथा तिथेच झटकायची आणि मडके तापवून पुढे निघायची. झोपमोड झाली म्हणून लोक आधी तिच्यावर खेकसायचे. दोन घोट पोटात गेले की म्हणायचे, "राहू दे बाई झाड."

टेकडीपाशी तिला चकवा लागला, म्हणे. चकवा म्हणजे वाट चुकवणारे भूत. पुढे उजेड धरते आणि माणसाला गोल गोल फिरवते. एकाच टेकडीला तीन फेरे झाल्यावर ठकूबाईने पाटी उतरवली, चूल मांडली आणि उजेडाच्या दिशेने वाटी सरकवली. "तूबी गावचाच हायेस. पी, आन् 'राहू दे' म्हण." अंधारातून फुरके मारल्याचा आवाज आला आणि वाट सुटली. चकव्याने 'राहू दे' म्हटले की नाही, याबद्दल गावात दोन मते आहेत. माझ्या मते म्हटले.

शेवटचे घर पाटलांचे. पूर्वेला नुसते फटफटत होते. पाटील उठला, त्याने दोन्ही हातांनी वाटी धरली आणि संपवली.

"कुणीच 'तोडा' म्हटलं न्हाई?"

"कुणीच न्हाई. आता तुमचंच ऱ्हायलंय."

"राहू दे," पाटील म्हणाला. आणि ओढ्याकडून झाड कोसळल्याचा आवाज आला.

सुताराची काही चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलेच नव्हते. ठकूबाई पारावर जाऊन खूप रडली. मग मडक्यात उरलेली कवठवणी तिने तुटल्या बुंध्यावर ओतली आणि खाली विखुरलेली कवठे वेचायला लागली. तिच्या मागे पाटील वाकला, पाटलामागे सारे गाव वाकले. ती सगळी कवठे तिच्या दारात गेली. चंपा त्याही हिवाळ्यातून उठली.

पुढच्या पावसात जिथे जिथे चोथा झटकला होता तिथे कोंब आले. अकरा. कवठाला फळ धरायला बारा-पंधरा वर्षे लागतात. तेवढे उन्हाळे पाटलाने खांद्यावर कावड घेऊन, त्याच वाकड्या वाटेने, एकेका झाडाला पाणी घातले. कुणी म्हटले गडी पाठवा, तर तो विचारायचा, "झोपला कोण व्हता?" पहिले कवठ पिकले ते ठकूबाईने फोडले आणि चंपाच्या लेकीला पाजले.

आजही पौष अमावास्येला अंधार पडला की गाव या वाटेने निघते. सरळ गेले तर पाव तासाचे अंतर, पण सरळ कुणी जात नाही. टेकडीला तीन फेरे घालतात, चकव्याची वाटी ठेवतात. मडके पाटलांच्या घरच्या माणसाने उचलायचे, आणि त्या रात्री त्या घरात कुणी पाठ टेकायची नाही. शेवटची वाटी या पारात ओततात आणि सगळे म्हणतात, "राहू दे." इथे दुसरे झाड लावा असे दरवर्षी कुणीतरी सुचवते. आमच्या घराने लावू दिले नाही. हो, आमच्याच. एक्केचाळीस वर्षे झाली, ते मडके माझ्या डोक्यावर असते, आणि पारापाशी पोचलो की अजून लाज वाटते.