पडदा आणि भिंत

दवाखान्यात गर्भाशयाच्या आत बघायची दुर्बीण नवीन आली, तेव्हाची गोष्ट. ऑपरेशनच्या टेबलावर रेवती भूल घेऊन झोपली होती. तिच्या गर्भाशयात मधोमध पडदा होता, त्यामुळे मूल टिकत नव्हतं. ट्रेमध्ये कात्री आणि विजेवर तापून कापणारी तार भांडत होत्या.

“पडदा मीच कापणार. मी भाजत नाही,” कात्री म्हणाली.

“मी रक्त येऊ देत नाही!” तार फणकारली.

शेजारच्या दुर्बिणीला राहवेना. “पण पडदा संपून भिंत कुठे सुरू होते, ते कसं कळतं गं?”



डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण आत घातली आणि कात्री उचलली. पडदा हळूहळू सुटत गेला. मग रक्ताचा बारीक थेंब दिसला. “बास, भिंत आली. पडद्यातून असं रक्त येत नाही,” बाई म्हणाल्या.

कात्री ट्रेमध्ये परतल्यावर तारेने हळूच विचारलं, “भिंत कुठे आली, ते कळलं का गं तुला?”

“मला कुठलं कळतंय!” कात्री म्हणाली. “मी तर पुढे निघाले होते.”