पाल कुणाची?

बाळांनो, आधी मला सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? पोथ्यांचा ढीग वाचलेल्या शास्त्रीबुवांवर, की भिंतीवरच्या पालीवर? हसू नका. ऐका.

समुद्राकाठी एक राजा होता. त्याच्या दरबारात भिंतीवर सोन्याची पाल राहायची. कुणी खरं बोललं की ती चुकचुकायची. मग सगळे बोटं टेकून म्हणायचे, "कृष्ण कृष्ण!"

एकदा काय झालं, बंदरात एक जहाज लागलं. तांडेल बंगाली. तो शिडाला म्हणे पाल. स्वयंपाकी तमिळ. तो दुधाला म्हणे पाल. झालं! दरबारातले त्र्यंबकशास्त्री ओरडले, "महाराज, पाल हा शब्द आपला. यांनी चोरला. जहाज जप्त करा!"

राजानं शिडं उतरवली. तांडेल रडकुंडीला आला. घरी त्याची तान्ही लेक. आठ दिवसांत वारा फिरला, की सहा महिने घर दिसायचं नाही.

तेवढ्यात हिंग-जिरं विकणारी गोजराबाई पुढे झाली. "महाराज, पालीलाच विचारा की!"

मग शब्द आपलाच हे पटवायला शास्त्री पालीपुढे म्हणाले, "पाल बसते पांढऱ्या भिंतीवर. दूधही पांढरं. म्हणून दूध म्हणजे पाल."

पाल गप्प.

"पाल भिंतीला चिकटते, शीड काठीला. म्हणून शीड म्हणजे पाल."

पाल गप्पच.

मग शास्त्रीबुवांनी घाम पुसला. "एका पालीनं दूध प्यायलं, ती फुगली, तिचंच शीड झालं!"

पालीनं तोंडच फिरवलं. बरं का, राजासुद्धा मिशीत हसला.

गोजराबाई म्हणाली, "शास्त्रीबुवा, माझ्याकडे तीन रखमाजी येतात. एक कुंभार, एक कोळी, एक पैलवान. नाव एक, म्हणून ते भाऊ होत नाहीत. नि कुणी कुणाचं नाव चोरलेलंही नाही. कुंभाराची उधारी मी पैलवानाच्या नावावर लिहू होय? हे तीन शब्द तीन घरी जन्मले. आपल्या बंदरात त्यांची गाठ पडली, एवढंच."

चुक्! चुक्! चुक्!

"कृष्ण कृष्ण!" सारा दरबार गरजला. शास्त्रीबुवांचंही बोट टेकलं गेलं.

मग शिडं चढली. स्वयंपाक्यानं हंडाभर दूध आटवून गावाला खीर वाढली, पहिली वाटी शास्त्रीबुवांना. वारा भरला, जहाज निघालं, नि सहाव्या दिवशी तांडेलानं लेकीला उचलून घेतलं. सगळे सुखात राहिले. पालसुद्धा.

उद्या तुम्हीही गल्ल्यावर बसाल. तेव्हा माझं एवढं ऐका. नाव सारखं दिसलं, म्हणून एकाचं दुसऱ्याच्या खात्यात टाकू नका. हिशोब चोख ठेवा, राजांनो. आता ओढा पांघरूण, मिटा डोळे.