एका बुडीची शाई

एकदा एका गुरुजींच्या दौतीतली शाई संपत आली होती. ती बाजारची शाई नव्हे. काजळ, डिंक आणि हिरड्याचे पाणी घालून त्यांनी स्वतः घोटलेली. पुन्हा घोटण्याइतके बळ आता त्यांच्या मनगटात उरले नव्हते, आणि डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी एका दफ्तरखान्यात मोडी कागदांच्या नकला करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर तालुक्याच्या गावी येऊन ते मोडी शिकवू लागले. शिकायला पुष्कळ आले, चार दिवस गिरवून गेले. टिकला तो एकच. त्याचे नाव गोरक्ष.

मोडीची एक रीत आहे, ती इथेच सांगून ठेवतो. देवनागरीत आपण आधी अक्षर काढतो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत उलटे. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली, शक्यतो हात न उचलता, अक्षरे लावत जायचे. 'आधी रेघ, मग अक्षर' हा गुरुजींचा पहिला धडा. गोरक्षाने तो असा घटवला होता की त्याची रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ येई.

गोरक्ष एका छापखान्यात कामाला होता. छापखाना बंद पडला, तेव्हा त्याने मनाशी ठरवले की आता या विद्येवरच घर चालवायचे. घरी बसून लोकांचे जुने मोडी कागद वाचायचे, देवनागरीत उतरवून द्यायचे. ठरवले ते चांगलेच होते. विद्या अस्सल होती, मेहनतीची तयारी होती. फक्त गिऱ्हाईक नव्हते.

गिऱ्हाईक मिळवायचे तर जगासमोर गेले पाहिजे, हे त्याने मोबाईलवरच्या दहा जणांकडून ऐकले होते. त्याने फेसबुकवर पान उघडले. पानाला नाव दिले 'मोडीवैभव हेरिटेज सोल्युशन्स'. बोधचिन्ह केले, त्यात बोरू आला, दौत आली, मागे एक गडही आला. खाली सेवांची यादी दिली: लिप्यंतर, भाषांतर, सुलेखन, वंशावळ, व्याख्याने, कार्यशाळा, भिंतीवर लावायच्या तसबिरी. घरात तो एकटा, पण पानावर सगळीकडे 'आम्ही' आणि 'आमची टीम'. कोणी निरोप पाठवला की उत्तर आपोआप जावे अशीही सोय त्याने करून ठेवली.

मग जाहिरात. घरखर्चातून काटकसरीने जे काही मागे पडे, ते तो दर महिन्याला जाहिरातीत घाली. जाहिरात कोणाला दिसावी, असे तिथे विचारतात. गोरक्षाने लिहिले: संपूर्ण महाराष्ट्र, स्त्री-पुरुष, सर्व वयाचे. एवढ्याशा तेलात त्याने अख्ख्या राज्याला फोडणी द्यायला घेतली होती. दोन दिवस जाहिरात फिरे. लोक अंगठे देत, हात जोडल्याची चित्रे टाकत, 'आपली लिपी, आपला अभिमान' असे लिहीत आणि पुढे जात. काम कोणी देत नसे.

"एवढे अंगठे आलेत ना," त्याची बायको वंदना एकदा म्हणाली, "तेवढ्यावर गिरणीवाला दळण देतो का बघा विचारून."

ती वाईट नव्हती. तिने वर्षभर कळ काढली होती. पण तिचा भाऊ चाकणला एका गोदामावर मुकादम होता, तिथे एक जागा रिकामी झाली होती आणि दसऱ्यापर्यंत हो की नाही ते कळवायचे होते. गोदामाची पाळी म्हणजे सकाळी अंधारात जायचे आणि परत यायचे तेही अंधारात. एकदा गेला की बोरू हातात धरणे व्हायचे नाही, हे गोरक्षाला पक्के ठाऊक होते. गुरुजींनाही ठाऊक होते. त्यांच्यानंतर त्या पंचक्रोशीत मोडी वाचणारा गोरक्षाखेरीज दुसरा कोणी नव्हता.

दसरा जवळ आला तेव्हा एका दुपारी तो गुरुजींकडे निरोप घ्यायला गेला. गुरुजी खाटेवर बसून होते. समोर उतरते मेज, त्यावर कोरा कागद, बोरू आणि दौत.

"गुरुजी, चाकणला जावं म्हणतो," तो खाली मान घालून म्हणाला. "नाही जमलं मला. जाहिरात कमी पडली. हातात अजून थोडा पैसा असता तर..."

जाहिरातीची आणि अंगठ्यांची हकिगत गुरुजींनी त्याच्याकडून वेळोवेळी ऐकली होती. त्यांनी पुढचे ऐकूनच घेतले नाही. ते म्हणाले, "जाण्याआधी माझ्यापुढे लिहून दाखव. दौतीत तळाशी थोडी शाई आहे. एकदाच बुडव. एका बुडीत जेवढं लिहिता येईल तेवढं लिही."

शिष्याला वाटले, म्हातारपणी गुरूला शिष्याचे अक्षर शेवटचे पाहायचे असेल. त्याने बोरू बुडवला, निथळू दिला आणि सवयीने रेघ ओढली. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, अगदी सुरेख. हात चालताच होता, म्हणून तिच्याखाली दुसरी घेतली. दुसरी रेघ मध्यावर आली तशी फिकट झाली, मग ओरखड्यासारखी झाली आणि बोरू कोरडा पडला. कागदावर एकही अक्षर नव्हते.

"वाच," गुरुजी म्हणाले.

"काय वाचू? नुसत्या रेघा आहेत."

"सरळ आल्यात का?"

"सरळ आल्यात," गोरक्ष म्हणाला.

तेव्हा गुरुजींनी दौत मागून घेतली. ती कलती धरून, चाचपडत, तळाला राहिलेली शाई त्यांनी बोरूच्या टोकावर घेतली. त्यांचा हात कापत होता. शिष्य म्हणाला, "राहू द्या गुरुजी, संपेल," पण त्यांनी मान हलवून त्याला गप्प केले. कागदाच्या खालच्या अंगाला त्यांनी बोटभर लांबीची रेघ ओढली, थोडी वाकडीच, आणि तिच्याखाली मोडीत एकच शब्द लिहिला: 'कोणास'. मग बोरू पुसून बाजूला ठेवला. दौत आता रिकामी होती.

गोरक्षाला काही उमजेना. ज्या माणसाने रेघ तोकडी पडली म्हणून त्याला पाने फाडायला लावली होती, त्यानेच ही बोटभर वाकडी रेघ ओढावी आणि तीही शेवटच्या शाईत, हे त्याला खपेना. "गुरुजी, आधी रेघ, मग अक्षर, असं तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"शिकवलं," गुरुजी म्हणाले. "पण ती रीत दफ्तराची. तिथे शाई सरकारची आणि कागदही सरकारचा. पानभर रेघा ओढल्या तरी खाली अक्षरं भरायला शाई उरायची. तुझ्या दौतीत एक बुडी. ती तू महाराष्ट्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढण्यात घालवलीस. रेघ सुंदर आहे, लोकही तिला सुंदरच म्हणतात. पण गोरक्षा, रेघ कोणी वाचत नाही. ज्याची शाई थोडी, त्याने आधी माणूस ठरवावा आणि मग त्याच्या नावाएवढीच रेघ ओढावी. तू मला शाई कमी पडली म्हणून सांगतोस. लिहीत कोणाला होतास, ते एकदा तरी सांगितलंस का?"

गोरक्ष कागदावरच्या त्या एका शब्दाकडे पाहू लागला.

गुरुजींना एवढ्या बोलण्यानेही धाप लागली. पाणी पिऊन ते म्हणाले, "अंगठे राहू दे. एवढ्या दिवसांत तुला कोणी काही विचारलं होतं का? काम म्हणून नव्हे. नुसतं विचारलं?"

आणि गोरक्षाला तो तांब्या आठवला.

श्रावणात कोणा द्वारकाबाईंचा निरोप आला होता. जुन्या पितळी तांब्याचा फोटो, काठाखाली ठोक्याठोक्याने कोरलेली मोडी अक्षरे, आणि सोबत आवाजी निरोप. एका तांब्याच्या नावात काय मिळणार, म्हणून गोरक्षाने तो उघडलाही नव्हता. उत्तर आपोआप गेले होते: 'आमच्या सेवांमध्ये रस दाखवल्याबद्दल आभारी आहोत. दरपत्रक सोबत जोडले आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.' काही दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारले होते, 'प्रतिनिधी कधी येनार'. त्यालाही तेच उत्तर गेले होते.

तो ओट्यावर आला आणि त्याने तो निरोप पहिल्यांदा ऐकला. म्हातारा, संकोचलेला आवाज होता. "दादा, ह्यो तांब्या आमच्या घरातला हाय. त्याच्यावर नाव कुनाचं हाय तेवढं सांगा. आईचं आसंल तर मला मिळंल."

त्या भागात रीत अशी की लग्नात माहेरून आलेल्या भांड्यावर नवरीचे नाव घातलेले असते, आणि तिच्यामागे ते भांडे तिच्या लेकीकडे जाते. गोरक्षाने फोटो मोठा केला. अक्षरे झिजली होती, पण त्याला ती वाचायला क्षणही लागला नाही. भागीरथी. त्याने लगेच फोन लावला.

"मावशी, मी गोरक्ष बोलतोय. तांब्यावरचं नाव विचारलं होतं ना तुम्ही?"

"प्रतिनिधी का?" पलीकडून आवाज आला. "लई वाट बघितली वो तुमची. तुमी येनार म्हनून चिंच लावून घासून ठिवला हुता, अक्षरं नीट दिसावी म्हनून."

"हो मावशी. उशीर झाला. तुमच्या आईचं नाव काय?"

"भागीरथी."

"तेच आहे," तो म्हणाला. "तांब्यावर भागीरथी असंच आहे."

मग त्या म्हणाल्या, "भावजय म्हनत हुती, तिच्या आजेसासूचा हाय. कुनालाच वाचता ईना. मग वाटनीत भांडन नको म्हनून गौरी झाल्यावर भांडेवाल्याला देऊन टाकला. त्यानं वजनावर घेतला." मग स्वतःशीच म्हणाल्या, "म्हंजी माझाच हुता."

"हो मावशी."

"बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर गोरक्षाला ते सोसायला सोपे गेले असते. तो ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. द्वारकाबाईंना हवी होती एक बुडी शाई, आणि ती त्याच्याजवळ होती. गावातल्या भांड्यांच्या दुकानांतून तो संध्याकाळपर्यंत हिंडला, पण जुने पितळ केव्हाच वितळायला गेले होते.

त्या आठवड्यात त्याने पानावरचे बोधचिन्ह काढले, गड काढला, सगळी यादी काढली. सुलेखन त्याला जिवापाड आवडत असे. तेही काढताना त्याचा हात अडला, पण काढले. आपोआप जाणारे उत्तर बंद केले. 'आम्ही'च्या जागी 'मी' लिहिले. दसऱ्याआधी हाताशी होते तेवढ्या पैशांत शेवटची एक जाहिरात दिली. ती फक्त आपल्या आणि शेजारच्या तालुक्यापुरती, आणि चाळिशीपुढच्या बायकांसाठी. जुनी भांडी कोणाच्या नजरेखाली असतात, हे त्याला आता कळले होते. जाहिरातीत बोरूही नव्हता आणि अभिमानही नव्हता. होते ते एवढेच: 'तुमच्या घरी जुन्या भांड्यावर न वाचता येणारे नाव आहे का? फोटो पाठवा. कोणाचे आहे ते आजच वाचून सांगतो. पैसे नकोत. गोरक्ष.'

अंगठे फारसे आले नाहीत. फोटो मात्र आले. हंडे, परात, एक पानाचा डबा. तो प्रत्येकीला स्वतः फोन करी, नाव वाचून दाखवी, आणि पलीकडे कोणी हसे, कोणी रडे. त्यांतल्याच एकीच्या दिराने महिन्याभराने पैसे देऊन उतरवून घ्यायला जुन्या मोडी कागदांचे गाठोडे आणले. त्याने आणखी कोणाला तरी सांगितले. त्याआधी दसऱ्याला त्याने गोदामावर नाही म्हणून कळवले, तेव्हा मेहुण्याने सणसणीत ऐकवले आणि वंदना दोन दिवस बोलली नाही. घर आता चालते, तेही ओढूनताणून. सुबत्ता आली असे कोणी म्हणणार नाही.

गुरुजी मार्गशीर्षात गेले. शेवटी त्यांना काहीच दिसत नव्हते. गोरक्ष रोज जाऊन आज कोणाचे नाव वाचले ते सांगे, आणि ते नुसते हुंकार देत. तो कागद आता गोरक्षाच्या मेजासमोर भिंतीवर आहे. वर दीड रेघ, खाली कोरे, आणि तळाला गुरुजींच्या कापऱ्या हाताचा एकच शब्द. जाहिरात लिहायला बसला की तो आधी तो शब्द वाचतो, आणि उत्तरादाखल एखादे नाव सुचले नाही तर त्या दिवशी काहीच लिहीत नाही.

द्वारकाबाईंचा मधूनच फोन येतो. काम काहीच नसते.

"दादा, त्यो फोटू हाय ना आजून?"

"आहे, मावशी."

"मग वाच की एकदा."

आणि गोरक्ष हातातले काम बाजूला ठेवून, फोटो उघडून, पाठ असलेले ते नाव पुन्हा अक्षर लावून वाचतो.